दाराच्या खुंटीवरच्या तीन पिशव्या

अगं, तुला 'तू'च म्हणते, चालेल ना? तुझा प्रश्न वाचून माझीच जुनी वही उघडल्यासारखं झालं. दिवसभर आवरतेस तरी संध्याकाळी पसारा जागच्या जागी, बँक-शिंपी-गिरणी उद्यावर, आणि व्यायाम सोमवारपासून, म्हणजे कुठल्यातरी सोमवारपासून. तिन्हींना वेगवेगळा वेळ कुठून काढू, असं विचारलंयस.

मी पुण्यात सहकारनगरात राहते, नोकरी संपून सहा वर्षं झाली. वेगवेगळा वेळ काढायचा खटाटोप मीही दोन वर्षं केला, नाही जमला. मग एका दुपारी माळ्यावरून काढलेला ढीग समोर घेऊन बसले. उसवलेली पँट, रबर सैल झालेला कुकर, कल्हई उडालेलं पितळी पातेलं, नणंदेला परत द्यायचं पुस्तक, सेल संपलेलं भिंतीवरचं घड्याळ. टाकून द्यावं असं त्यात जवळपास काही नव्हतंच. जो तो कुठल्यातरी बाहेरच्या कामाची वाट बघत बसलेला. आपण पसारा म्हणतो त्यातली निम्मी बाहेरची राहिलेली कामं असतात गं. ती घरात बसून कशी आवरणार? या खोलीतून त्या खोलीत जातात, एवढंच.

तेव्हापासून ठेवायचं की टाकायचं हे मी विचारतच नाही. वस्तू कुठल्या रस्त्याने बाहेर जाणार, तेवढं बघते. दारामागच्या खुंटीवर तीन पिशव्या आहेत. एक कोपऱ्यापर्यंतची: शिंपी, इस्त्री, चांभार. दुसरी 'गावातली'. (स्वारगेट ओलांडलं की आम्ही अजून 'गावात'च जातो, मेट्रो आली तरी.) तिसरी भंगाराची. जी भरेल, तिच्या बाजूचा तो दिवस.

गेल्या बुधवारचंच सांगते. सकाळी सहाला पर्वती टेकडी. इथे जरा थांबते, कारण बाजारहाटात चालणं होतंच की, असं तू लिहिलंयस. मीही तेच म्हणायचे, अगदी पावलं मोजून दाखवायचे लोकांना. पण भाजी बघत, दुकानात थांबत, ओळखीच्यांशी बोलत चाललं तर दम लागत नाही. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. त्यातलं मध्यम म्हणजे बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये इतपत. मंडईत मला आख्खी आरती म्हणता येईल. पर्वतीच्या १०३ पायऱ्यांवर दुसरी ओळही निघत नाही. म्हणून व्यायाम वेगळाच, आणि पिशवी न घेता. गुडघे कुरकुरत असतील तर उतरताना कठड्याला धरून सावकाश उतर, त्रास चढण्यापेक्षा उतरताना जास्त होतो. पायऱ्या नकोच वाटल्या तर तळजाईची टेकडी आहेच. ताकदीच्या व्यायामाला मात्र आमच्याकडे दळण आहे. पाच किलोचा डबा गिरणीपर्यंत हातात न्यायचा, स्कूटरवर नाही. अर्ध्या वाटेत हात बदलायचा.

साडेनऊला गावातली पिशवी खुंटीवरून काढली. स्वारगेटहून मेट्रो, कसबा पेठेला उतरले, तिथून चालत तांबट आळी. ते पितळी पातेलं सहा वर्षं पडून होतं, का, तर 'कल्हई करून आणू'. काम किती वेळाचं होतं सांगू? माझ्यासमोर केलं तिथल्या कारागिरांनी. पातेलं घासून भट्टीवर धरलं, चांगलं तापल्यावर आत नवसागराची पूड टाकली. पांढरा धूर उठला, नाकात झणका बसला. मग कथलाची कांडी आतून नुसती टेकवली, ती लोण्यासारखी विरघळली, आणि कापसाच्या बोळ्याने दोन फेरे फिरवले की काळपट पिवळ्यावर रुपेरी चकाकी धावत गेली. लगेच पाण्यात, चर्रर्र! पंधरा मिनिटांत काम झालं. पंधरा मिनिटांसाठी सहा वर्षं जागा अडवलेली. (एक लक्षात ठेव: कथील २३२ अंशांला वितळतं, त्यामुळे कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवून फोन घ्यायला जायचं नाही.)

परतीला रविवार पेठेतून बोहरी आळी. कुकरचं रबर घेताना जुनं बरोबर न्यायचंच. 'पाच लिटरचा आहे' एवढ्यावर दुकानदार तीन मापं समोर टाकतो. घड्याळाचा सेलही तिथेच बसवून घेतला. मंडईतून आलं-लिंबं, मंडईच्याच स्टेशनावरून परत. साडेबाराला घरी. जाताना पिशवीत तीन अडलेल्या वस्तू होत्या, येतानाही तीनच, पण त्या तिन्ही आता वापरातल्या. पँट अजून शिंप्याकडेच आहे, ते जाऊ दे.

आवराआवर मी दुपारी एक ते चारमध्ये करते. पुण्यातल्या दुपारच्या बंद दुकानांवर लोक विनोद करतात, मला ते तीन तास फार सोयीचे पडतात. कुठे जायचा मोहच नाही. एका दिवशी एकच कप्पा, आणि हातात पिशवी असल्याशिवाय कप्पा उघडायचा नाही. पाण्याचं तेवढं बघ. महापालिका दुरुस्तीसाठी पाणी बहुतेक वेळा गुरुवारी बंद ठेवते, त्या दिवशी माळा काढलास तर धुळीने माखलेले हात घेऊन बसशील. मी बसले आहे.

रद्दी, बाटल्या, डबे यांचं तू विचारलं नाहीस, ते सोपंच आहे. जुने एक्स-रे मात्र रद्दीत घालू नकोस. त्या फिल्ममध्ये चांदीचा अंश असतो, भंगारवाले त्या वेगळ्या घेतात. पाऱ्याचा थर्मामीटर, फुगलेल्या बॅटऱ्या, जुने चार्जर हे ओल्या-सुक्या कशातच नाही, त्यांची वेगळी पिशवी. कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना विचार, ई-कचरा कुठे द्यायचा ते त्यांना माहीत असतं.

आणि एक चूक माझी, ती तू करू नकोस. पहिल्या वर्षी हुरूप आला होता. सासूबाईंचं पुरणयंत्र, हाताने फिरवायचं, लोखंडी जड, चार वर्षांत कुणी हात लावला नव्हता, म्हणून दिलं भंगारात. किलोवर गेलं. होळीच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी डाळ शिजत घातली आणि म्हणाल्या, "यंत्र काढ गं." तुळशीबागेतून स्टीलचं आणलं धावत जाऊन. पुरण झालं, पण त्या दिवशी त्या जेवताना एक अक्षर बोलल्या नाहीत. तेव्हापासून दुसऱ्याची वस्तू कुठल्याच पिशवीत विचारल्याशिवाय जात नाही, मग ती ह्यांची १९९८ सालची वॉरंटी कार्डं का असेनात. ह्यांना विचारलं, 'राहू दे' म्हणाले. राहिली आहेत.

तू आजच तीन पिशव्या अडकव आणि एकच खण रिकामा कर. आठ दिवसांनी कुठली पिशवी सगळ्यात आधी भरली ते इथे लिही. माझा अंदाज, कोपऱ्यापर्यंतची.

माझ्या त्या पिशवीत सध्या शेजारच्या काकूंचा डबा आहे, संक्रांतीपासून. रिकामा कसा परत द्यायचा, म्हणून पडून आहे. आज कल्हईच्या पातेल्यात आमटी केली, उद्या सकाळी खोबऱ्याच्या वड्या थापते आणि पर्वतीहून आल्या आल्या तो डबा देऊन टाकते.