टॅबचा हप्ता आणि सातवीतला मुलगा

"मॅडम, हा पोट्टा रात्री एक-एक वाजेपर्यंत टॅब घेऊन बसून राह्यते. शाळेचंही सारं मोबाइलवरच येते, मग बंद तरी कसं करू? अन् बंद केलं तर मागं पडन ना जी हा?"

विदर्भात शाळा उन्हामुळे उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. मी मुलांचं-पालकांचं समुपदेशन करते, आणि त्यानंतरच्या महिनाभरात हा प्रश्न माझ्यासमोर वेगवेगळ्या तोंडून येतोच. त्यातलं एक घर आज सांगते. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत आणि घरच्यांना विचारूनच लिहिते आहे.

आई नागपुरातल्या मानेवाड्याकडची, घरी शिलाईकाम करणारी. वडील बुटीबोरीच्या एमआयडीसीत पाळीवर. मुलगा सातवीत. आईनं सगळं सांगितलं तेव्हा तो शेजारच्या खुर्चीत मान खाली घालून दप्तराची चेन उघडत-मिटत बसला होता. ताईंनी स्वतःच निदान करून आणलं होतं: मोबाइलचं व्यसन.

मी त्यांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं. मुलगा एका शब्दापलीकडे बोलेना. शेवटी मी म्हटलं, "बरं, बोलू नकोस. घरी टॅबवर कसा बसतोस ते फक्त दाखव." त्यानं टॅब काढला, माझ्या पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला, विज्ञानाचा एक व्हिडिओ लावला, आवाज शून्यावर आणला, वेग दुप्पट केला. मग टॅबकडे पाठ करून वही उघडली आणि चित्र काढायला लागला.

"बघत नाहीस?"

"नाही. मिनिटं भरते ना याच्यानं."

टॅबमधल्या शिकवणीच्या ॲपमधून दर रविवारी वडिलांच्या व्हॉट्सॲपवर आठवड्याचा अहवाल यायचा. ठरलेली मिनिटं भरली की हिरवी पट्टी, नाही भरली की लाल. रविवार म्हणजे वडिलांच्या सुट्टीचा दिवस. शाळा, शिकवणी, गृहपाठ यांत आठवडाभर मिनिटं राहून जायची, म्हणून शुक्रवार-शनिवारी रात्री टॅब जागा आणि त्याच्यासोबत हाही जागा.

वहीच्या शेवटच्या पानावर पट्टीनं आखलेले २४ चौकोन होते. त्यांतले ९ पेन्सिलनं भरलेले. मी बोट ठेवलं तर म्हणाला, "बाबांचे हप्ते आहे. पाच तारखेला एक कटते."

इतकी वर्षं हे काम करते, पण त्या पानाकडे बघताना मला लगेच पुढचा प्रश्न सुचला नाही. ज्याला आपण व्यसन म्हणत होतो ते या मुलाचं हप्ते फेडणं होतं. वडील दोन-तीनदा म्हणाले होते, "महिन्याला इतके कापून राहिले माझे, तू पाहत तरी जा." तो ते त्याच्या परीनं करत होता.

हे घर इथवर आलं कसं, ते समजून घ्यायला २०२० मध्ये जावं लागतं. तेव्हा हा पहिलीतून दुसरीत गेला आणि दुसरी भरली ती वडिलांच्या फोनवर. फोन एकच. तो वडिलांसोबत पाळीवर जायचा, रात्री परत यायचा. तोवर वर्ग होऊन गेलेला, ग्रुपवर फक्त फळ्याचे फोटो. केंद्र सरकारनं जुलै २०२० मध्ये 'प्रज्ञाता' नावाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. पूर्वप्राथमिकला दिवसाला फार तर ३० मिनिटं, पहिली ते आठवीला ३० ते ४५ मिनिटांच्या दोनच तासिका, नववीपासून पुढे चार. लहान मुलांना पडद्यासमोर किती बसवायचं याची निदान एक मर्यादा कागदावर आली, हे चांगलंच झालं. पण ज्या घरात फोनच संध्याकाळी येतो, त्या घराला या मर्यादेचा उपयोग काय? शाळा पुन्हा नीट भरायला लागल्या तेव्हा हा तिसरीत होता आणि त्याला जोडाक्षरं वाचता येत नव्हती. आईच्या मनात तेव्हापासून एक अपराधीपण ठाण मांडून बसलं आहे. असं अपराधीपण मला गेल्या चार-पाच वर्षांत कितीतरी घरांत दिसलं, आणि विकणाऱ्यांना ते माझ्याआधी दिसलं होतं.

टॅबवरची शिकवणी विकणाऱ्या एका कंपनीचा माणूस घरी आला. टॅबवर पंधरा मिनिटांची चाचणी घेतली आणि मुलाच्या समोर म्हणाला, "याचा पाया कच्चा आहे, आता नाही तर कधीच नाही." वडिलांच्या फोनवर ओटीपी आला, त्यांनी सांगितला. त्यांना वाटलं कंपनी हप्त्यानं पैसे घेते आहे. पुढच्या भेटीत ताई साडीच्या दुकानाच्या पिशवीत सगळे कागद घेऊन आल्या, तेव्हा कळलं की वडिलांच्या नावावर एका वित्तसंस्थेचं कर्ज होतं. करार इंग्रजीत, बारीक अक्षरात. कंपनीला तिचे पैसे केव्हाच मिळाले होते. मुलगा शिको वा न शिको, हप्ता वेगळ्याच दारात जात होता.

अशा घटना घडतात हे सरकारला माहीत नाही असं नाही. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं पालकांना जाहीर सावधगिरीची सूचना दिली होती. खात्यातून आपोआप पैसे कापण्याला मान्यता देऊ नका, माहीत नसलेल्या कर्जावर सही करू नका, शर्ती वाचा, पावती घ्या, यशोगाथांच्या जाहिरातींवर पडताळल्याशिवाय विश्वास ठेवू नका, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. ती सूचना मी ताईंना वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "हे तर सारं आमच्यासारखंच झालं जी. मग आमाले कोणी सांगितलं नाही?"

मला या प्रश्नाचा राग येतो, तो ताईंवर नाही. सूचना पालकांना आहे, सांभाळून राहायचं ते पालकांनी. पुढच्याच महिन्यात, जानेवारी २०२२ मध्ये, कंपन्यांनी एकत्र येऊन स्वतःपुरती आचारसंहिता केली, म्हणजे लगाम घोड्याच्याच हाती. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रानं कोचिंग वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या: १६ वर्षांखालच्या मुलाला प्रवेश नाही, मुलानं मध्येच सोडलं तर उरलेल्या काळाचे पैसे १० दिवसांत परत, चुकीची आश्वासनं द्यायची नाहीत. कागद चांगला आहे, पण तो राज्यांनी अमलात आणण्यासाठी पाठवलेला, आणि डोळ्यांसमोर आहे तो भिंती असलेला वर्ग. स्वयंपाकघरात टॅब घेऊन येणारा माणूस त्या भिंतींच्या बाहेरच राहतो. जो हजार रुपयांचं मिक्सर विकतो त्याला आपण हमीपत्र मागतो आणि मुलाचं शिक्षण विकणाऱ्याला मागत नाही, हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं.

पण तो बदल होईस्तोवर या घरानं थांबायचं नव्हतं. कायदा मोघम असला तरी ग्राहक म्हणून हक्क होतेच. मी वकील नाही, त्यामुळे कागदांसाठी त्यांना ग्राहक पंचायतीत काम केलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांकडे पाठवलं. त्यांनी सांगितलेलं इतरांच्याही उपयोगाचं आहे. पहिलं म्हणजे, रागाच्या भरात बँकेत जाऊन हप्ता थांबवू नका. कर्ज वित्तसंस्थेचं असतं, हप्ता परत गेला की दंड लागतो आणि पत खराब होते ती वडिलांची. फोनवर कितीही बोललात तरी त्याला पुरावा नाही, म्हणून कंपनी आणि वित्तसंस्था दोघांनाही ईमेल करा: काय सांगून विकलं, काय मिळालं, करार रद्द करायचा आहे, कर्जाचा पूर्ण तपशील द्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार (ते पहिल्यांदा सप्टेंबर २०२२ मध्ये आले) डिजिटल कर्ज देताना व्याज-शुल्काचा एकत्रित तपशील देणं आणि सुरुवातीच्या ठरावीक मुदतीत दंडाशिवाय बाहेर पडायची मुभा देणं बंधनकारक आहे. यांची ती मुदत निघून गेली होती, पण तपशीलपत्रक कधी मिळालंच नव्हतं, आणि तेच तक्रारीत पहिल्या ओळीत गेलं. वित्तसंस्थेनं ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, त्याला पैसे लागत नाहीत. कंपनीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे शुल्क नाही आणि तक्रार २ वर्षांच्या आत करावी लागते.

हे सगळं चालू असताना माझं खरं काम वेगळं होतं. वडिलांना मी रविवारी बोलावलं. ते आले, कंपनीच्या निळ्या शर्टातच, रात्रपाळी करून. मुलाला विचारूनच मी त्यांच्यासमोर ते शेवटचं पान उघडलं. त्यांनी चौकोन मोजले. परत मोजले. मग मुलाकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, "सही मी केली जी. यानं थोडी केली?"

"हे त्याला सांगा."

त्यांना सांगता येईना. त्यांनी फोन काढला, त्या रविवारचा अहवाल उघडला, हिरवी पट्टी होती, आणि मुलासमोर तो नंबर म्यूट केला. मुलगा म्हणाला, "म्हणजे आता लाल आलं तरी चालते?" वडील म्हणाले, "येऊ दे, बेटा. पैशाचं माझं मी पाहीन." त्या आठवड्यात मुलगा साडेदहाला झोपला. व्यसन असतं तर इतक्या लवकर सुटलं नसतं.

मग उरला शाळेचा फोन, आणि आईच्या प्रश्नाचा तो भाग मला सगळ्यात जास्त वेळ पुरला. गृहपाठ रात्री साडेनऊनंतर ग्रुपवर, अतिवृष्टीची सुट्टी लागली की घरून वर्ग, आणि वर्षाच्या शुल्कात 'डिजिटल' म्हणून एक वेगळी रक्कम. ताईंना वाटत होतं शाळेला विचारलं तर मुलावर डूख धरतील. ही भीती खोटी नाही, म्हणून मी त्यांना एकटीनं जाऊ नका म्हटलं. महाराष्ट्रात शुल्क विनियमनाचा २०११ चा कायदा आहे. शाळेतल्या मुलाचा पालक हा आपोआप पालक-शिक्षक संघाचा सदस्य असतो, संघाच्या कार्यकारी समितीतले पालक चिठ्ठी काढून निवडले जातात आणि शुल्काचा प्रस्ताव त्या समितीपुढे यावा लागतो. ताई आणि आणखी चार आया लेखी पत्र घेऊन गेल्या. 'डिजिटल' रक्कम समितीनं कोणत्या बैठकीत मान्य केली, एवढंच विचारलं. सोबत एक विनंती जोडली, की गृहपाठ शाळा सुटायच्या आत वहीत लिहून द्यावा. विनंती दोन आठवड्यांत मान्य झाली. रकमेचं उत्तर गुळमुळीत आलं, ते पत्र आता शिक्षणाधिकाऱ्यांकडे गेलं आहे.

एक गोष्ट मी सगळ्याच पालकांना विचारते आणि ताईंनाही विचारली: या ॲपमध्ये मुलाची कोणती माहिती दिली? जन्मतारीख, शाळा, फोटो, आणि त्या चाचणीचे गुणही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरलं आहे. त्याची माहिती घ्यायला पालकांची पडताळलेली संमती लागेल आणि मुलावर पाळत ठेवून त्याला जाहिराती दाखवायला बंदी आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, ही कलमं लागू व्हायला त्यात दीड वर्षाची मुदत दिली आहे. तोवर वाट बघायची गरज नाही, करार रद्द करायच्या ईमेलमध्येच 'मुलाची सर्व माहिती पुसून टाका आणि तसं कळवा' ही ओळ घालता येते. ताईंनी घातली.

आणि मागं पडण्याचं काय? त्यासाठी मी त्याच्या वर्गशिक्षिकांशी बोलले. त्या म्हणाल्या, विज्ञान चांगलं आहे, अपूर्णांकात अडतो, भागाकार कच्चा आहे. दुसरी-तिसरीत जे हातानं मणी मोजून, काड्या जुळवून व्हायला हवं होतं ते राहिलं. दुप्पट वेगाच्या व्हिडिओनं ते भरून येणार नव्हतं. शेजारी राहणारी बी.एस्सी.ची मुलगी आता रोज संध्याकाळी पाऊण तास त्याला शिकवते. परवा ताई सांगत होत्या, तिनं चक्क पोळीचे तुकडे करून पाव आणि अष्टमांश शिकवला, आणि शेवटचा तुकडा कोणी खायचा यावरून भांडण झालं.

टॅब घरातच आहे, ताई त्यावर ब्लाउजच्या गळ्याचे नमुने बघतात. तीन महिन्यांच्या लिहालिहीनंतर कंपनीनं उरलेलं कर्ज भरायचं कबूल केलं, गेलेले हप्ते परत मिळाले नाहीत. वित्तसंस्थेचं थकबाकी नसल्याचं पत्र अजून यायचं आहे. ते हातात येईपर्यंत दर सोमवारी ईमेल उघडून बघायचं काम मुलानं मागून घेतलं होतं. वडिलांनी ते त्याच्याकडून काढून घेतलं.