काकांची एअर रायफल आणि सुताराची पॉलिश

प्रश्न : माझे काका १९८०च्या सुमारास नियमित नेमबाजी करीत. त्यांच्या पश्चात त्यांची जर्मन बनावटीची फाइनवर्कबाऊ ३००एस एअर रायफल आमच्याकडे आली आहे. तिचा अक्रोडाचा स्टॉक, म्हणजे लाकडी दस्ता, कंपनीचा नसून कारागिराकडून खास करून घेतलेला असावा, असे घरातले सांगतात. गाल टेकवण्याचा उंचवटा उजव्या बाजूला आहे आणि मुठीवर बारीक चौकड्यांची नक्षी आहे. लाकूड काळवंडले असून आमचे सुतार ते घासून मेलामाइन पॉलिश करून द्यायला तयार आहेत. करून घ्यावे का? आणि ही रायफल खरोखर दुर्मीळ आहे का?
– एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : सुतारांना तूर्त थांबवा. ३००एस हे मॉडेल त्या काळी जगभरच्या नेमबाजांच्या हाती होते, त्यामुळे केवळ नावावरून तिला दुर्मीळ म्हणता येणार नाही. तुमच्याकडे जे दुर्मीळ आहे ते त्या लाकडात आहे, आणि सँडपेपर नेमका तिथेच फिरणार आहे.

माउझर या बंदुकांच्या कारखान्यात काम केलेल्या कार्ल वेस्टिंगर आणि अर्न्स्ट आल्टनबर्गर यांनी १९४९ मध्ये ओबर्नडॉर्फ येथे फाइनवर्कबाऊ ही कंपनी स्थापन केली. तुमच्यासारख्या, स्प्रिंगच्या जोरावर हवा दाबून छर्रा सोडणाऱ्या रायफलमध्ये जड पिस्टन पुढे झेपावतो, तेव्हा छर्रा बॅरलबाहेर पडण्याआधीच रायफल हलते आणि नेम बिघडतो. यावर त्यांनी काढलेला तोडगा असा, की चाप ओढताच बॅरलसह सगळी यंत्रणा रुळांवर किंचित मागे सरकते आणि खांद्याला लावलेला स्टॉक मात्र जागचा हलत नाही. म्हणूनच या रायफलला नवा स्टॉक करणाऱ्याला आतली खाच फार नेमकी कोरावी लागते, कारण सरकणारे लोखंड लाकडाला कुठेही घासले तर मूळ रचनेचा उपयोगच संपतो.

नक्षी हाताची आहे का, हे भिंगातून कळते. ठशाने दाबून उठवलेल्या नक्षीत चौकड्यांची टोके बोथट आणि सगळे अंतर यंत्रासारखे एकसारखे असते. हाताने कोरलेल्या नक्षीत प्रत्येक चौकडीला टोक असते, आणि कडेशी एखादी रेघ केसभर पुढे गेलेली दिसते. ती केसभर चूक मला तरी मोलाची वाटते. एकदा सँडपेपर फिरला की टोके आणि रेघा दोन्ही गेल्या, आणि मेलामाइनच्या चकचकीत थराखाली मुठीची पकडही निसटती होईल.

उंचवटा उजव्या बाजूला असणे म्हणजे रायफल डाव्या खांद्याला लावली जात होती. काका डावखुरे होते का, हे घरात विचारा. नसतील, तर त्यांचा डावा डोळा प्रबळ असावा. असे नेमबाज उजव्या हाताने जेवतात-लिहितात आणि रायफल मात्र डावीकडे धरतात. गालाची उंची, मुठीचा घेर, चापापासून बट प्लेटपर्यंतचे (खांद्याला टेकणाऱ्या मागच्या पट्टीपर्यंतचे) अंतर ही सगळी मापे एका माणसाच्या अंगाची असल्यामुळे तुमच्या खांद्याला ती बेतशीर बसली नाही, तर तो दोष समजू नये.

काळेपणा बहुधा घाम आणि जुन्या तेलाचा असेल. मऊ, जेमतेम ओलसर फडक्याने पुसावे, लगेच कोरडे करावे आणि मग जवसाच्या तेलाचे दोन-चार थेंब बोटाने चोळावेत. पिस्टनच्या नळीत मात्र कोणतेही साधे तेल सोडू नये. दाबाने ते पेट घेते. त्या दशकांतले कृत्रिम बफर (पिस्टनचा धक्का झेलणारे तुकडे) आणि सील (हवा अडवणाऱ्या कड्या) वयाने भुगा होतात, म्हणून जाणकाराने आतून तपासेपर्यंत रायफल उडवू नये, आणि छर्रा न भरता तर कधीच नाही. नवी मुंबईत पनवेलला ऑलिंपियन सुमा शिरूर यांचा लक्ष्य शूटिंग क्लब आहे. अशा ठिकाणच्या प्रशिक्षकांकडे योग्य दुरुस्ती कारागिराची चौकशी करावी. ठाण्याच्या पावसाळ्यात फोमच्या पेटीत ठेवणे टाळावे, कारण फोम ओल धरून ठेवतो आणि बॅरलवरची निळसर झाक गंजाने खाल्ली जाते.

कायद्याबाबत इतकेच, की ४.५ मिमी बोअर (नळीचा आतला व्यास) आणि २० ज्यूलपर्यंत शक्तीच्या एअर रायफलला परवाना लागत नाही आणि ३००एस या मर्यादेत बसते. तरी काकांचे खरेदीचे कागद सापडल्यास जपून ठेवावेत.

कारागिराचे नाव शोधायचे असेल, तर बट प्लेटचे स्क्रू नीट बसणाऱ्या पेचकसाने काढून आतल्या लाकडावर पेन्सिलीची खूण, आद्याक्षरे किंवा छोटा ठसा दिसतो का ते पाहा. दिसल्यास पुसण्याआधी छायाचित्र घ्या.