कॅसिटेराइट आणि कथील: एकाच घरचे शब्द

प्रश्न असा: ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ हा बुटक्यांची वस्ती उभारण्याचा संगणकावरचा खेळ खेळताना ग्रॅनाइटात कॅसिटेराइटची शीर लागली. या जड खनिजाला मराठीत काय म्हणावं, आणि त्यातून निघणारं ‘टिन’ म्हणजे पत्राच ना?

पत्रा नव्हे हो! पत्रा लोखंडाचा, डब्याच्या पत्र्यावर टिनचा पातळ थर असतो, एवढंच. टिन म्हणजे कथील. घरोघरी कल्हई होत होती तोवर हे कुणाला सांगावं लागत नसे. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, वितळलेलं कथील कापसाच्या बोळ्यानं फिरवायचं, की तांबडं भांडं आतून पांढरं लख्ख!

खनिजाला मात्र खुशाल कॅसिटेराइटच म्हणा, कारण तो शब्द कथलाचा सख्खा नातलग आहे. ग्रीक ‘कस्सितेरोस’, संस्कृत ‘कस्तीर’, मराठी ‘कथील’. ग्रीकांनीच तो आपल्याकडून नेला, असं काही विद्वान ठासून सांगतात. मला ते मुळीच पटत नाही. ग्रीक वीर अकिलीजच्या ढालीत कथलाचे थर असल्याचं ‘इलियड’ या प्राचीन ग्रीक महाकाव्यात आहे, आपल्याकडे ‘कस्तीर’ भेटतो तो पुढच्या काळातल्या कोशांत. आपला जुना शब्द वेगळाच, त्रपु. रुद्रानंतर ‘चमक’ हे वैदिक सूक्त म्हणणाऱ्यांनी आठवून पाहावं: ‘सीसं च मे त्रपुश्च मे’. शिसं वेगळं, कथील वेगळं, दोन्ही शेजारी शेजारी.

मग घरचा त्रपु असताना परका शब्द रुजला कसा? मालाबरोबर आला, असं माझं ठाम मत. भारतात कथील मुख्यतः बस्तर-दंतेवाड्याकडे सापडतं, तेही थोडकं. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचला उतरणाऱ्या मालाच्या यादीत तांबं, कथील, शिसं हे तिन्ही आहेत. बंदरात गोणीबरोबर तिचं नावही उतरतं; व्यापारी काही व्याकरण विचारून शब्द घेत नाहीत.

राहिला खेळ. कथलाची शस्त्रं तिथे घडवता येत नाहीत, म्हणून ती शीर सोडून देऊ नका. भट्टीत कथलाची एक लगड नि तांब्याची एक, अशा दोन घातल्या की काशाच्या दोन मिळतात, आणि लोखंड नसलेल्या डोंगरात तुमच्या बुटक्या शिपायांची चिलखतं-कुऱ्हाडी त्याच काशाच्या होतात. आणि कृपा करून त्या लगडींना पितळ म्हणू नका. पितळेत तांब्याबरोबर जस्त असतं, आणि खेळातही त्याचं खनिज वेगळं आहे, स्फॅलेराइट.