वाचकांचे प्रश्न : इंग्रजीवाचून नेमके कुठे अडते?

प्रश्न : पाथरी तालुक्यात माझी कापूस-सोयाबीनची शेती आहे. मराठीत लिहिलेला धनादेश बँकेतील कर्मचाऱ्याने ‘इंग्रजीत लिहून आणा’ असे सांगून परत केला. फवारणीच्या औषधाचे बिल इंग्रजीत मिळते, आणि जमिनीच्या वादात उच्च न्यायालयाचा निकाल आला तोही इंग्रजीत. आता इंग्रजीशिवाय निभाव लागणारच नाही का? मुलांशी घरीसुद्धा इंग्रजीत बोलावे का?
— एक वाचक, जि. परभणी

उत्तर : तिन्ही ठिकाणी इंग्रजी असली तरी तिचे कारण निरनिराळे आहे. बँकेत ती निव्वळ सवय आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार ग्राहकाला धनादेश हिंदी, इंग्रजी किंवा प्रादेशिक भाषेत लिहिता येतो, आणि खाते उघडण्याचा अर्ज, भरणा पावती, पासबुक हे छापील साहित्यही या तिन्ही भाषांत असायला हवे. पुन्हा असे घडल्यास हुज्जत न घालता, धनादेश नाकारण्याचे कारण शाखा व्यवस्थापकांकडे लेखी मागावे.

न्यायालयाचे तसे नाही. तालुका व जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे. उच्च न्यायालयाचे कामकाज मात्र, संसद वेगळा कायदा करीपर्यंत, संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजीतच चालते, त्याला छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठही अपवाद नाही. निकालाच्या शेवटी प्रत्यक्ष आदेशाचा जो भाग असतो, तेवढा तरी वकिलांकडून मराठीत लिहून घ्यावा. फी दिलेल्या पक्षकाराने एवढे मागण्यात संकोच कसला? आपल्या भागाला हा अनुभव नवाही नाही. १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत कारभार उर्दूत चाले आणि स्वतःच्याच जमिनीचा कागद वाचून घेण्यासाठी उर्दू जाणणारा माणूस गाठावा लागे.

फवारणीच्या औषधाबाबत मात्र अधिक सावध राहावे, कारण तिथे प्रश्न जिवाचा आहे. कीटकनाशक नियम, १९७१ प्रमाणे डब्यावरचे लेबल आणि सोबतचे माहितीपत्रक हिंदी, इंग्रजी आणि त्या भागातील भाषेतही छापावे लागते. घडी घातलेल्या त्या पातळ कागदावरचा मराठी मजकूर इतका बारीक असतो की तो वाचला जाऊ नये अशीच योजना असावी, अशी शंका येते. तरीही तो दिवसाउजेडी वाचावा किंवा मुलांकडून वाचून घ्यावा. लेबलवरील चौकोनाच्या खालच्या त्रिकोणाचा रंग तर अक्षरओळख नसलेल्यालाही कळतो : लाल म्हणजे सर्वाधिक विषारी आणि त्यानंतर उतरत्या क्रमाने पिवळा, निळा व हिरवा. विषबाधा झालीच तर डबा आणि माहितीपत्रक घेऊनच दवाखाना गाठावा. त्यावर छापलेल्या रासायनिक घटकाच्या नावावरून डॉक्टरांना उपचार ठरवणे सोपे जाते. दुकानदाराकडूनही बिलावर औषधाचे पूर्ण नाव आणि बॅच क्रमांक लिहून घ्यावा, मग ते बिल इंग्रजीत असले तरी चालेल, कारण पुढे तक्रार करायची वेळ आल्यास हाच पुरावा कामी येतो.

राहिला मुलांचा प्रश्न. राज्यातील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवली जाते, त्यामुळे तिची ओळख शाळेत होतेच. आई-वडिलांना जी भाषा सहज येत नाही ती त्यांनी घरात ओढूनताणून बोलू नये. त्यातून मुलांचे इंग्रजी सुधारत नाही, उलट घरातले बोलणेच कमी होते. त्यापेक्षा औषधाचे बिल, विम्याचा कागद किंवा बँकेचा संदेश मुलांपुढे ठेवून ‘यात काय लिहिले आहे ते मराठीत सांग’ असे म्हणावे, आणि अडलेला शब्द त्यांना शब्दकोशात शोधायला लावावे.