सोडवलेल्या माणसाचे देणे

प्रश्न : सहा वर्षांपूर्वी मी दारू सोडली, प्रभूला शरण आलो आणि आता मंडळीत (चर्चमध्ये) नियमाने प्रभुभोजन घेतो. व्यसनाच्या काळात धाकट्या भावाचे 65,000 रुपये मी उडवले आणि भावजयीच्या पाटल्या मोडल्या. दोघेही माझ्याशी बोलत नाहीत. ख्रिस्ताने स्वतःचा प्राण देऊन माझी खंडणी भरली असेल, तर हे ओझे अजून माझ्या डोक्यावर का? – एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर : ‘खंडणी’ म्हटले की आज वर्तमानपत्रातील गुंडच आठवतात, म्हणून आपण घरातला शब्द घेऊ : सोडवणे. गहाण पडलेला दागिना आपण सावकाराकडून सोडवून आणतो, तसेच बायबलमधील लेवीय या पुस्तकाच्या 25व्या अध्यायात गरिबीमुळे विकलेले वतन किंवा स्वतःला विकून घेतलेला भाऊ सोडवण्याचे काम जवळच्या आप्तावर सोपवलेले आहे. विधवा रूथच्या गोष्टीत तिच्या सासरचा आप्त बवाज हेच करतो, आणि तेही वेशीत गावच्या दहा वडीलधाऱ्यांसमक्ष, स्वतःच्या पदरचे घालून. म्हणजे बायबलमध्ये मुक्तीची कल्पना आली ती नात्यागोत्याच्या आणि देण्याघेण्याच्या व्यवहारातून. मनाला हलके वाटणे एवढाच तिचा अर्थ पूर्वीही नव्हता.

तुमच्या पापाची क्षमा झाली, यात शंका घेऊ नका. पण भावाचे पैसे हे भावाचेच आहेत, आणि ख्रिस्ताने तुम्हाला सोडवले म्हणून भावाने ते सोडून द्यावेत, असे शास्त्र कोठेही म्हणत नाही. उलट लेवीय 6 प्रमाणे लुबाडलेली वस्तू एकपंचमांश अधिक घालून, दोषार्पणाच्या, म्हणजे अपराधाबद्दल अर्पण वाहण्याच्या, दिवशीच मालकाला परत करायची असते. जक्कय या जकातदाराच्या घरी काय घडले, त्याचा क्रम पाहा. येशू आधी त्याच्या घरी उतरायला निघाला, लोक कुरकुरले, आणि मग जक्कयाने चौपट परत करण्याचे कबूल केले. परतफेड करून त्याने प्रभूला विकत घेतले नाही; प्रभू घरी आला म्हणून तिजोरीला लावलेला त्याचा हात सैल झाला.

येथे बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाचा 15वा अध्याय मला फार मोलाचा वाटतो. सातव्या वर्षी दासाला मोकळे करताना त्याला रिकाम्या हाताने पाठवू नये, कळपातून, खळ्यातून आणि द्राक्षकुंडातून उदारपणे द्यावे, कारण तू स्वतः मिसर देशात दास होतास आणि परमेश्वराने तुला सोडवले, असे तेथे सांगितले आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या आश्रमाला ‘मुक्ती’ हे नाव दिले आणि दुष्काळातून आलेल्या मुलींना तेथे विणकाम व छपाईचे काम शिकवले, ते याच जातीचे.

तुमच्या ‘अजून का’ या शब्दांत थोडी कुरकुर आहे, हे स्पष्टच लिहितो. सहा वर्षे तुम्ही शुद्धीत आहात, हे खरे. पण त्याच सहा वर्षांत भावजयीच्या हातांत पाटल्या नाहीत.

म्हणून आरंभ पाटल्यांपासून करावा. त्यांचे वजन तिला नक्की ठाऊक असेल. आजच्या दराने सारे एकदम जमणार नाही, तेव्हा दरमहा किती देणार ते कागदावर लिहून, मंडळीतील एखाद्या वडीलधाऱ्याला सोबत घेऊन, पहिल्या हप्त्यासह जावे. त्या दिवशी क्षमा मागावी, पण उत्तराची वाट पाहत उंबरठ्यावर बसू नये.