तव्यावर फुटणारी याकी ओनिगिरी

प्रश्न : भाताचे त्रिकोणी गोळे भाजून करतात ती जपानी ‘याकी ओनिगिरी’ मी घरी करते. परंतु सोया सॉस लावून गोळे तव्यावर ठेवले की उलटताना ते फुटतात आणि निम्मा भात तव्यालाच लागतो. सुशीप्रमाणे भातात व्हिनेगर घालावे का? जपानी तांदळाऐवजी इंद्रायणी चालेल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : सॉस आधी आणि भाजणे नंतर, हा आपला क्रमच उलटा आहे. कच्च्या गोळ्यावर सॉस लावला की वरची शिते ओली होऊन सुटतात, आणि सॉसमधील साखर व अमिनो आम्ले भात भाजला जाण्याआधीच करपतात. म्हणून गोळा प्रथम कोराच भाजावा. बिडाच्या किंवा नॉनस्टिक तव्यावर तेलाचा पुसट हात फिरवून मध्यम आचेवर गोळे ठेवावेत आणि बाजूला पापडी धरेपर्यंत त्यांना मुळीच हात लावू नये. पापडी धरली की गोळा तव्यापासून आपण होऊन सुटतो; सुटत नसेल तर तो अजून तयार नाही, एवढेच समजावे. दोन्ही बाजू कोरड्या व फिकट सोनेरी झाल्यावरच ब्रशने सॉसचा पातळ हात द्यावा, ती बाजू अर्धा-एक मिनिट भाजावी आणि हेच पुन्हा एकदा करावे. खरपूस वास येतो तो याच वेळी, आणि नजर हटली तर करपतेही याच वेळी. जपानमध्ये हे काम कोळशाच्या लहान शेगडीवर, जाळीवर होते. पण तव्याने फारसे बिघडत नाही.

व्हिनेगर नको. तो भात सुशीचा. ओनिगिरीला साधा भात आणि वळताना ओल्या तळहाताला चोळलेले मीठ पुरते.

तांदळाचा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. जपानी आखूड दाण्याच्या तांदळात अमायलोज (शिते मोकळी ठेवणारा स्टार्चचा प्रकार) कमी असल्याने शिजल्यावर शिते एकमेकांना धरून राहतात. बासमती नेमकी याउलट वागते, म्हणून तिच्या वाटेला जाऊ नये. मावळातील इंद्रायणी मऊ व चिकट असल्याने ती चालेल, विशेषतः नवी. मात्र नव्या तांदळाला पाणी बेताचेच घालावे, कारण गिच्च भाताचा गोळा बाहेरून भाजला तरी आतून लगदाच राहतो. तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवावा, शिजल्यावर झाकण न काढता दहा मिनिटे वाफ मुरू द्यावी आणि भात हाताला सोसेल इतका गरम असतानाच गोळे वळावेत. फ्रीजमधील गार भात कडक होऊन शिते जोडली जात नाहीत. साध्या ओनिगिरीपेक्षा हा गोळा थोडा घट्ट दाबावा, जाडी मात्र दोन-अडीच सेंटिमीटरच्या वर नेऊ नये.

गोळे उरवायचे असतील तर भाजून, लवकर निववून थेट फ्रीझरमध्ये ठेवावेत. शिजलेला भात तासन् तास ओट्यावर ठेवणे सुरक्षित नाही. सॉसऐवजी मिसो (आंबवलेल्या सोयाबीनची खारट पेस्ट) लावणार असाल तर आच आणखी मंद ठेवा, तो सॉसपेक्षाही लवकर करपतो.