ट्रॅक्टर अंगणात, मग हायपोथेकेशन कशाचं?

प्रश्न : ताई, मी बँकेच्या परीक्षेची तयारी करते आहे. आमच्या ट्रॅक्टरच्या आरसीवर 'हायपोथेकेशन' आणि पुढे बँकेचं नाव आहे. कर्ज फिटलं. आता ट्रॅक्टर विकायला काढला, तर घेणारा म्हणतो, आधी हे उतरवून आणा. डिक्शनरीत पाहिलं तर 'तारण'. 'मॉर्टगेज' पाहिलं तर तारण, 'प्लेज' पाहिलं तरी तारणच! बाबा म्हणतात, "गहान असता त बँकेनं नेला नसता का? आपल्या आंगनात कायले राह्यला असता?" मला तर हा हायपोथेसिसचाच कोणी नातेवाईक वाटतो. नेमका अर्थ काय आणि वाक्यात कसा वापरायचा?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : बाबांनी अर्धी व्याख्या सांगूनच टाकली की! ट्रॅक्टर बँकेनं नेला नाही. तो तुमच्या अंगणात राहिला, तुमचं वावर नांगरलं, चार लोकांच्या पेरण्या भाड्यानं करून दिल्या, आणि तरी कर्ज फिटेपर्यंत त्याच्यावर बँकेचा हक्क होता. चीज ऋणकोच्या ताब्यात, हक्क धनकोचा, तोही फक्त कागदावर. यालाच हायपोथेकेशन म्हणायचं. बँकेनं ट्रॅक्टर ओढून नेला असता, तर हप्ते भरायला पैसा कुठून आला असता, हे बाबांना एकदा विचार.

डिक्शनरीनं तिन्ही शब्द एका दावणीला बांधले, ते मात्र चूक. आजीची पोत सोनेतारणात ठेवली की ती बँकेच्या तिजोरीत जाते, पावती तेवढी घरी येते. ते प्लेज. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७२ मध्ये त्याची व्याख्या आहे आणि त्यात वस्तूचा ताबा देणं हाच गाभा आहे. बाजार समितीच्या गोदामात सोयाबीन ठेवून तारण कर्ज घेतात, तेही याच जातीचं. शेत किंवा घर असेल तर मॉर्टगेज. ती स्थावर मालमत्ता, तिचा कायदा वेगळा, १८८२ चा, आणि सातबाऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात बोजा चढतो. ट्रॅक्टर, म्हशी, दुकानातला माल, मोटारपंप अशी हलणारी पण आपल्याच ताब्यात राहणारी चीज असली की हायपोथेकेशन. म्हणून 'हाऊस हायपोथेकेशन' असं परीक्षेत लिहू नकोस, मार्क जातील.

मी जिल्ह्यातल्या एका बँकेत शेतीकर्जाच्या टेबलावर नोकरी केली. आमच्या मराठी फॉर्मवर याला 'नजरगहाण' छापलेलं असायचं. सह्या घेताना पुष्कळांना वाटायचं की साहेब नजर ठेवायला घरी येणार, म्हणून नजरगहाण. तपासणीला जावं लागायचंच, त्यामुळे मी कधी कोणाला खोडून काढलं नाही. मिरगाच्या तोंडावर पीककर्जाची गर्दी व्हायची तेव्हा खरी गंमत. कापसाच्या बियाण्याचं पाकीट अजून कृषी केंद्राच्या फळीवर, आणि त्याचं पीक आमच्याकडे नजरगहाण! एका म्हाताऱ्या बाबाजीनं मला तोंडावर विचारलं होतं, "बाई, जे उगवलंच नाही ते गहान कसं ठेवता?" प्रश्न बिनतोड होता. २००२ च्या सरफेसी कायद्यातली (बँकांना थकीत कर्ज वसूल करता यावं म्हणून केलेला कायदा) व्याख्या वाचली की त्याचं उत्तर मिळतं. आज असलेली किंवा पुढे होणारी, दोन्ही तऱ्हेची जंगम मालमत्ता त्या व्याख्येत बसते. प्लेजमध्ये हे जमत नाही, कारण नसलेल्या वस्तूचा ताबा कसा देणार? कर्जाच्या कागदांत हा शब्द इतका फिरतो, त्याचं एक मोठं कारण हेच.

नात्याचं तू बरोबर ओळखलंस. ग्रीकमध्ये 'हायपो' म्हणजे खाली, आणि पुढचा भाग ठेवण्याच्या क्रियापदातून आलेला. तर्काच्या खाली पाया म्हणून ठेवलेलं गृहीतक ते हायपोथेसिस, कर्जाच्या खाली आधार म्हणून ठेवलेली चीज ते हायपोथेकेशन. पण पेपर काढणारे याच नात्याचा सापळा लावतात. 'हायपोथेटिकल' म्हणजे काल्पनिक. पर्यायांत दोन्ही शेजारी दिसले की घाई करू नकोस.

आता वापर. क्रियापद 'हायपोथिकेट', आणि मागून 'टू' येतं : द ट्रॅक्टर इज हायपोथिकेटेड टू द बँक. मालवाहू गाडीच्या दारावर बँकेच्या नावाआधी हेच रंगवलेलं असतं, यवतमाळच्या स्टँडवर उभी राहिलीस तरी सराव होईल. कर्ता माणूस असेल तर : द फार्मर हायपोथिकेटेड हिज क्रॉप टू द बँक. माणूस स्वतः हायपोथिकेटेड होत नाही, कर्जात कितीही बुडाला तरी. 'हायपोथेकेशन'च्या उच्चारात जोर 'के'वर द्यायचा. इंग्लंडच्या वर्तमानपत्रांत 'हायपोथिकेटेड टॅक्स' भेटेल. तिथं अर्थ वळतो : एका ठरावीक कामासाठीच राखून ठेवलेला कर. आपल्याकडच्या बँकेच्या पेपरात तो सहसा येत नाही.

राहिला ट्रॅक्टर. घेणारा माणूस शहाणा आहे, त्याच्यावर चिडू नका. कर्ज फिटलं म्हणून आरसीवरची नोंद आपोआप पुसली जात नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५१ सांगतं की ही नोंद असेपर्यंत, ज्याच्या नावानं ती आहे त्याची लेखी संमती असल्याशिवाय गाडी दुसऱ्याच्या नावावर चढत नाही. ट्रॅक्टरही त्या कायद्याला मोटार वाहनच. बँकेतून ना-हरकत दाखला आणि फॉर्म ३५ घ्या. फॉर्मवर बाबांची सही लागते आणि बँकेचीही. काउंटरवर लांबलचक शब्द घेत बसू नकोस, 'एचपी कॅन्सल करायचं आहे' म्हटलं की बाबू लगेच कागद काढतो. आरटीओच्या दारातले एजंटही हेच म्हणतात आणि त्याचे वर पैसे घेतात. फॉर्म एका पानाचा आहे, तू स्वतः भरू शकतेस.

बँकेला अर्ज इंग्रजीत द्यायची हौस असेल तर एवढं वाक्य पुरे : काइंडली इश्यू फॉर्म ३५ अँड नो ऑब्जेक्शन सर्टिफिकेट फॉर टर्मिनेशन ऑफ हायपोथेकेशन. खाली ट्रॅक्टरचा नंबर आणि कर्जखात्याचा नंबर. बोजा उतरला की विम्याची पॉलिसीही काढून बघ. तिच्यावरही बँकेचं नाव असतं. विमा कंपनीला वेगळा अर्ज देऊन ते काढून घ्या, नाहीतर विक्रीआधी काही अपघात झाला तर नुकसानभरपाईचा चेक नेमका तिथं अडकतो.